पॉल जॉन फ्लोरी

पॉल जॉन फ्लोरी (जन्म : स्टर्लिंग, इलिनॉय, १९ जून १९१०, मृत्यू : बिग सर, कॅलिफोर्निया, ९ सप्टेंबर १९८५) हे अमेरिकन भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. प्लास्टिक, रबर आणि कृत्रिम धागे ज्या लांबलचक रेणूंचे बनलेले असतात, त्या बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) भौतिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. महारेणूंच्या भौतिक रसायनशास्त्रातील सैद्धांतिक व प्रायोगिक कार्याबद्दल त्यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन बहुवारिके एकमेकांत मिसळतील की नाही आणि मिसळल्यास त्या मिश्रणाचे गुणधर्म कसे असतील, हे ठरविण्यासाठी आजही ज्या सिद्धांतापासून सुरुवात केली जाते, तो फ्लोरी–हगिन्स सिद्धांत त्यांच्या नावाशी जोडलेला आहे.

बालपण व शिक्षण

फ्लोरी यांचे वडील एझ्रा फ्लोरी हे धर्मोपदेशक व शिक्षणप्रसारक होते आणि आई मार्था या विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती चालत आलेली होती. महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिली पिढी त्यांच्या आईवडिलांचीच. पॉल यांचे शालेय शिक्षण इलिनॉयमधील एल्गिन येथे झाले व १९२७ मध्ये ते शाळेतून उत्तीर्ण झाले. त्यानंतर इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेज या लहानशा महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील प्राध्यापक कार्ल हॉल यांनी त्यांच्या मनात रसायनशास्त्राची गोडी निर्माण केली आणि पुढील शिक्षणासाठी ओहायो स्टेट विद्यापीठात जाण्यास त्यांना उत्तेजन दिले.

१९३१ मध्ये पदवी मिळवून फ्लोरी ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीस त्यांनी कार्बनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला; परंतु लवकरच ते भौतिक रसायनशास्त्राकडे वळले. हेरिक जॉन्स्टन यांच्या मार्गदर्शनाखाली नायट्रिक ऑक्साइडच्या प्रकाशरसायनावर प्रबंध लिहून त्यांनी १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. दोन-तीन अणूंच्या इतक्या साध्या रेणूंवर काम केलेला हा तरुण पुढे हजारो अणूंच्या रेणूंचा अभ्यासक होईल, असे त्या वेळी कोणासही वाटले नसावे.

ड्युपाँट कंपनी आणि कॅरोथर्स यांचा सहवास

१९३४ साली फ्लोरी डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथील ड्युपाँट कंपनीच्या मध्यवर्ती संशोधन विभागात रुजू झाले. तेथे त्यांची नेमणूक वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटात झाली. नायलॉन या धाग्याचा शोध याच गटाने १९३५ मध्ये लावला. लांब रेणूंचे प्रश्न गणिताने सोडविता येतील, असा विश्वास कॅरोथर्स यांना होता आणि ते काम त्यांनी फ्लोरी यांच्याकडे सोपविले.

त्या काळी महारेणूंच्या अस्तित्वाविषयीचा वाद नुकताच कोठे शमू लागला होता. रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके आहेत, असे अनेक रसायनशास्त्रज्ञ मानीत. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून याला विरोध करून हे पदार्थ सामान्य रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्यांचे बनलेले असतात, असे प्रतिपादन केले होते. कॅरोथर्स यांनी अशा साखळ्या ज्ञात रासायनिक अभिक्रियांनी टप्प्याटप्प्याने जोडून दाखविल्या. या साखळ्यांना संख्येचे नियम लागू करण्याचे काम मात्र शिल्लक होते.

साखळी लांबत गेली की तिच्या टोकाची अभिक्रियाशीलता मंदावते, असा समज तेव्हा रूढ होता. टोकाची अभिक्रियाशीलता साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते, असे गृहीत धरून फ्लोरी यांनी १९३६ मध्ये एका नमुन्यात किती लांबीच्या किती साखळ्या असतील, याचे सूत्र मांडले. हे गृहीतक त्यांनी पुढे प्रयोगांनी पडताळूनही पाहिले. बहुवारिकाच्या नमुन्यातील सर्व रेणू सारख्या लांबीचे नसतात आणि त्यांच्या लांबीची वाटणी संभाव्यतेच्या नियमांनी ठरते, ही गोष्ट यामुळे स्पष्ट झाली. १९३७ मध्ये त्यांनी साखळी-स्थानांतरणाची कल्पना मांडली. वाढणारी साखळी दुसऱ्या एखाद्या रेणूला आपली वाढण्याची क्षमता देऊन स्वतः थांबते, असे तिचे स्वरूप असून साखळ्यांची लांबी आटोक्यात ठेवण्यासाठी उद्योगात तिचा मोठा उपयोग होतो.

१९३६ मध्ये फ्लोरी यांचा एमिली कॅथरिन टेबर यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला दोन मुली व एक मुलगा झाला. १९३७ च्या एप्रिलमध्ये कॅरोथर्स यांचे वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निधन झाले. पुढच्याच वर्षी फ्लोरी यांनी ड्युपाँट सोडून सिनसिनाटी विद्यापीठाच्या मूलभूत संशोधन प्रयोगशाळेत काम सुरू केले. तेथे त्यांनी शाखायुक्त रेणूंचे संशोधन केले. तीन हात असलेल्या घटकांपासून जाळे तयार होत असताना, एका शाखाबिंदूपासून दुसऱ्या शाखाबिंदूपर्यंत साखळी पोहोचण्याची संभाव्यता निम्म्यावर गेली की द्रव एकाएकी गोठून जेल बनतो, हे त्यांनी दाखविले. हे संशोधन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मिश्रणाचा सिद्धांत

१९४० मध्ये फ्लोरी न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या एसो प्रयोगशाळेत गेले. दुसऱ्या महायुद्धामुळे आग्नेय आशियातून येणारे नैसर्गिक रबर दुर्मीळ होण्याची चिन्हे दिसत होती व कृत्रिम रबराची निकड वाढत होती. रबर द्रावकात का फुगते, किती फुगते, कशात विरघळते आणि कशात विरघळत नाही, हे प्रश्न उद्योगाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचे होते. लहान रेणूंच्या द्रावणांना लागू पडणारे नियम येथे साफ चुकत होते.

फ्लोरी यांनी द्रावणाची कल्पना बुद्धिबळाच्या पटासारख्या, परंतु तिन्ही दिशांना पसरलेल्या जालकाच्या रूपाने केली. प्रत्येक घरात एकतर द्रावकाचा रेणू असेल किंवा बहुवारिकाच्या साखळीची एक कडी असेल. साखळीची पुढची कडी मागच्या कडीच्या शेजारच्याच घरात असली पाहिजे, एवढे एकच बंधन. या पटावर साखळ्या किती निरनिराळ्या प्रकारांनी मांडता येतील, हे मोजले की मिश्रणाची एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, मिळते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग अवलंबिला होता. दोघांचे लेखन १९४१ व १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सिद्धांताला दोघांचेही नाव मिळाले.

सिद्धांताचा आशय एका साध्या उदाहरणाने समजू शकतो. पांढरे व काळे असे प्रत्येकी हजार सुटे मणी एका पेटीत टाकून हलविले, तर ते असंख्य प्रकारांनी मिसळू शकतात. परंतु हजार पांढरे मणी एका दोऱ्यात व हजार काळे मणी दुसऱ्या दोऱ्यात ओवले, तर मिसळण्यासाठी दोनच वस्तू उरतात. मणी तेवढेच असूनही मांडणीचे स्वातंत्र्य जवळजवळ नाहीसे होते. निसर्गात दोन पदार्थ आपोआप एकजीव होतात, ते मुख्यतः मिसळण्याने अव्यवस्था वाढते म्हणून. लांब साखळ्यांच्या बाबतीत हा लाभ साखळीच्या लांबीच्या प्रमाणात घटतो.

दुसरीकडे, भिन्न जातीच्या कड्यांमधील आकर्षण सहसा सजातीय कड्यांमधील आकर्षणाच्या सरासरीपेक्षा किंचित कमी असते. हा विरोध सिद्धांतात परस्परक्रिया प्राचल नावाच्या एका संख्येने दर्शविला जातो. दोन्ही घटक सुट्या कड्यांचे असतील, तर ही संख्या २ पर्यंत वाढली तरी ते कोणत्याही प्रमाणात मिसळतात. दोन्ही घटकांच्या साखळ्या प्रत्येकी १००० कड्यांच्या असतील, तर ही मर्यादा ०.००२ इतकी खाली येते. सुट्या अवस्थेत ज्याची दखलही घेतली जाणार नाही, एवढा क्षुल्लक विरोधही लांब साखळ्यांना अलग करण्यास पुरतो. मूळ सिद्धांत बहुवारिक व द्रावक यांच्यासाठी होता. रॉबर्ट स्कॉट यांनी १९४९ मध्ये तो दोन बहुवारिकांच्या मिश्रणापर्यंत नेला.

मिश्रणाच्या गुणधर्मांवर होणारा परिणाम

बहुतेक प्लास्टिके एकमेकांत का मिसळत नाहीत, याचे उत्तर या सिद्धांतात आहे. पिशव्यांसाठी वापरले जाणारे पॉलिथिलीन आणि डब्यांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रोपिलीन ही दोन्ही केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली आहेत. तरीही ती वितळवून घुसळली तर एकजीव होत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले राहतात. दोहोंच्या सीमेवर साखळ्या परस्परांत फार थोड्या शिरतात. घन प्लास्टिकचे बळ साखळ्यांच्या गुंतागुंतीवर अवलंबून असल्यामुळे, जेथे ही गुंतागुंत अपुरी पडते ती सीमा ताण येताच उकलते आणि वस्तू ठिसूळ होते. टाकाऊ प्लास्टिकची जातवार निवड केल्याशिवाय त्याचा चांगला पुनर्वापर करता येत नाही, याचे एक मूळ कारण हेच आहे.

रेणूंच्या पातळीवर मिश्रण झाले आहे किंवा नाही, हे काही गुणधर्मांवरून ओळखता येते. थेंबांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा त्याहून मोठा असेल आणि दोन्ही घटकांचे अपवर्तनांक भिन्न असतील, तर मिश्रण दुधाळ दिसते. एकजीव झालेले अस्फटिकी मिश्रण पारदर्शक राहते. याहून महत्त्वाची खूण म्हणजे काचसंक्रमण तापमान. या तापमानाखाली बहुवारिक काचेसारखे कडक असते व त्यावर ते मऊ होते. अलग राहिलेल्या मिश्रणात दोन्ही घटकांची आपापली दोन काचसंक्रमण तापमाने आढळतात. एकजीव मिश्रणात मात्र दोहोंच्या दरम्यान एकच तापमान आढळते.

पॉलिस्टायरीन व पॉलिफिनिलीन ऑक्साइड ही जोडी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या दोहोंच्या कड्यांमध्ये परस्पर आकर्षण असल्यामुळे ती कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ होते, तर पॉलिफिनिलीन ऑक्साइड सुमारे २१० अंशांना. दुसरे उष्णतेला टिकते, परंतु त्याला वितळवून आकार देणे अवघड जाते. समान वजनाने मिसळल्यास काचसंक्रमण तापमान सुमारे १५० अंशांवर येते. अशा रीतीने उष्णता सहन करणारे आणि साच्यात सहज घालता येणारे प्लास्टिक १९६० च्या दशकात बाजारात आले. अशा मिश्रणाच्या तापमानाचा अंदाज देणारे एक साधे सूत्र फ्लोरी यांचे सहकारी टॉमस फॉक्स यांनी १९५६ मध्ये दिले होते.

न मिसळणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो, असे नाही. ठिसूळ पॉलिस्टायरीनमध्ये रबराचे सूक्ष्म कण अलग राहतील आणि तरीही रासायनिक बंधांनी त्याला जखडलेले असतील, अशी योजना केली की आघाताची ऊर्जा त्या कणांभोवती विखुरली जाते व प्लास्टिक चिवट बनते. येथे रबर पूर्णपणे विरघळले असते, तर पदार्थ नुसताच मऊ झाला असता. कोणत्या गुणधर्मासाठी किती मिसळणे इष्ट आहे, हे ठरविणे हाच मिश्रणशास्त्राचा गाभा होय.

गुडइयर व कॉर्नेल

एसोमध्ये असताना फ्लोरी यांनी जॉन रेनर यांच्यासह रबराच्या जाळ्याचे द्रावकात फुगणे स्पष्ट करणारा सिद्धांत १९४३ मध्ये मांडला. त्याच वर्षी ते ओहायोतील ॲक्रन येथील गुडइयर कंपनीत मूलभूत संशोधनाच्या एका लहान गटाचे प्रमुख झाले. १९४८ मध्ये पीटर डिबाय यांच्या निमंत्रणावरून त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात व्याख्यानमाला दिली आणि त्याच वर्षी तेथे प्राध्यापकपद स्वीकारले. या व्याख्यानांतून प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री हा ग्रंथ सिद्ध झाला. १९५३ मध्ये प्रकाशित झालेला हा ग्रंथ अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला.

कॉर्नेलमध्ये त्यांनी साखळीच्या आकाराचा प्रश्न हाती घेतला. साखळीच्या दोन कड्या एकाच जागी असू शकत नाहीत. म्हणून चांगल्या द्रावकात साखळी फुगते. साखळी १०० पट लांब केली तर, हे बंधन नसते तेव्हा, तिचे वेटोळे १० पट मोठे झाले असते. प्रत्यक्षात ते सुमारे १६ पट मोठे होते, असा त्यांचा १९४९ मधील निष्कर्ष होता. विशिष्ट द्रावकात एका विशिष्ट तापमानाला हा फुगण्याचा परिणाम नाहीसा होतो. या तापमानाला त्यांनी थीटा हे नाव दिले. सायक्लोहेक्झेनमधील पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे ३४ अंश सेल्सिअस आहे.

वितळलेल्या बहुवारिकात द्रावक नसतानाही साखळी अशीच न फुगलेली असते, असे भाकीत त्यांनी केले. भोवतालच्या इतर साखळ्यांचा दाब स्वतःच्या कड्यांच्या दाबाला निष्प्रभ करतो, असे त्याचे कारण होते. हे मत अनेकांना पटले नाही. साखळ्या घडीबद्ध पुंजक्यांत असतात, असे सुचविणारेही होते. जवळपास दोन दशकांनंतर, १९७० च्या दशकाच्या आरंभी, काही साखळ्यांतील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून न्यूट्रॉनांच्या विकिरणाने त्यांचा आकार मोजता आला. फ्रान्स व जर्मनी येथील गटांनी केलेल्या या मापनांनी फ्लोरी यांचे भाकीत खरे ठरविले.

स्टॅनफर्ड आणि स्वतःच्या सिद्धांताची दुरुस्ती

१९५७ मध्ये फ्लोरी पिट्सबर्ग येथील मेलन संस्थेचे संशोधन संचालक झाले. तेथे मूलभूत संशोधनाचा व्यापक कार्यक्रम उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९६१ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले व १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. साखळीतील प्रत्येक बंधाच्या अनुमत कोनांवरून संपूर्ण साखळीचे गुणधर्म काढण्याच्या पद्धतीचा त्यांनी येथे विस्तार केला. या विषयावरील त्यांचा स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स ऑफ चेन मॉलिक्यूल्स हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जालक सिद्धांताच्या उणिवा फ्लोरी जाणून होते. त्यात प्रत्येक घर भरलेले मानले होते, म्हणजेच मिसळताना घनफळ बदलत नाही असे गृहीत धरले होते. शिवाय, मूळ रूपात तो तापविल्यावर मिश्रण सुधारते, असे सांगत असे. प्रत्यक्षात काही मिश्रणे याच्या उलट वागतात. पॉलिस्टायरीन व पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर यांचे मिश्रण थंड असताना स्वच्छ असते आणि पुरेसे तापविले की गढूळ होऊन अलग होते. १९६० च्या दशकात फ्लोरी यांनी सहकाऱ्यांसह जालकाचा आधार सोडून द्रवांचा नवा सिद्धांत मांडला. उष्णतेने दोन्ही घटक सारखे प्रसरण पावत नाहीत आणि ही विषमता मिसळण्याच्या विरोधात जाते, ही गोष्ट त्यात विचारात घेतलेली होती. पुढे इतर संशोधकांनी तो बहुवारिकांच्या मिश्रणांना लावला व तापल्यावर होणाऱ्या या विलगतेचा उलगडा झाला.

सन्मान

फ्लोरी १९५३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रबर विभागाचे चार्ल्स गुडइयर पदक त्यांना १९६८ मध्ये मिळाले. १९७४ हे वर्ष त्यांच्या जीवनातील सर्वोच्च सन्मानांचे ठरले. प्रिस्टली पदक, अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हे तिन्ही त्यांना या वर्षाचे मिळाले. नोबेल पारितोषिकात त्या वर्षी त्यांच्यासह अन्य कोणी वाटेकरी नव्हते. १९७७ मध्ये पर्किन पदकाने त्यांचा गौरव झाला.

मानवी हक्कांसाठी कार्य

नोबेल पारितोषिकाने लाभलेली प्रतिष्ठा फ्लोरी यांनी छळ सोसणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कामी आणली. सोव्हिएत संघात आंद्रेई साखारोव्ह यांना हद्दपारीत ठेवले होते, तर युरी ओर्लोव्ह व अनातोली श्चारान्स्की हे कारावासात होते. त्यांच्या सुटकेसाठी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी चालविलेल्या मोहिमेत फ्लोरी आघाडीवर होते. सोव्हिएत संघाशी होणारे वैज्ञानिक सहकार्य या प्रश्नापासून वेगळे काढता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९८० मध्ये हँबुर्ग येथे भरलेल्या वैज्ञानिक परिषदेत अमेरिकन शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी हा विषय ठामपणे मांडला. या कार्यात पत्नी एमिली यांची त्यांना साथ होती.

निधन व वारसा

निवृत्तीनंतरही फ्लोरी यांचे संशोधन चालूच होते. ९ सप्टेंबर १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील बिग सर येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७५ वर्षांचे होते. ओर्लोव्ह व श्चारान्स्की यांची सुटका आणि साखारोव्ह यांच्या हद्दपारीची अखेर या घटना पुढील वर्षी, १९८६ मध्ये, घडल्या; त्या पाहण्यास ते हयात नव्हते.

त्यांच्या निधनाच्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी मिश्रणाच्या सिद्धांताला एक उल्लेखनीय पुष्टी दिली. एकाच बहुवारिकाच्या साध्या साखळ्या आणि ड्यूटेरियमयुक्त साखळ्या यांच्यात केवळ हायड्रोजनच्या समस्थानिकाचा फरक असतो. साखळ्या पुरेशा लांब असल्यास एवढ्या सूक्ष्म फरकानेही त्या एकमेकींपासून अलग होऊ शकतात, असे आढळून आले. बहुवारिकांच्या मिश्रणावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांची सुरुवात आजही फ्लोरी–हगिन्स सिद्धांतापासून होते, आणि नवी मिश्रणे बनविणारे तसेच मिश्र टाकाऊ प्लास्टिकवर उपाय शोधणारे संशोधक परस्परक्रिया प्राचलाच्या मापनापासूनच आपल्या कामास आरंभ करतात.